वीरकर म्हणजे मूळचे कोण?

हॉस्टेलवर आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "ब्रँच कुठली?" दुसरा, "आडनाव काय?" पहिल्याचं उत्तर दिलं की विषय संपतो. दुसऱ्याचं दिलं की सुरू होतो. निदान माझ्या बाबतीत तरी असंच झालं.

"वीरकर."

"वीरकर? कधी ऐकलं नाही गं. वीरकर म्हणजे मूळचे कोण?"

"मूळचे वीरचे."

"ते कळलं, पण मूळचे म्हणजे...?"

या 'म्हणजे'च्या पुढे जी टिंबं आहेत ना, त्या टिंबांबद्दल हा लेख आहे.

आधी वीरबद्दल सांगते, कारण गाव सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही. वीर रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात आहे. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. पुढची लाईन पूर्ण होऊन मुंबई-मंगलोर मार्ग सलग व्हायला १९९८ उजाडलं. तोपर्यंतच्या सुरुवातीच्या काळात गाडीचं शेवटचं स्टेशन आमचं वीर! महाड शहराला स्वतःचं स्टेशन नाही, त्यामुळे महाडला जाणारे आमच्याकडे उतरतात. थोडक्यात, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वीर झोपेत पाहिलेलं आहे.

आता आडनाव. आमचे पणजोबा मुंबईला गिरणीत लागले. त्यांच्या खात्यात त्यांच्याच आडनावाचे ढीगभर लोक होते. पगाराच्या दिवशी घोळ व्हायचा. कारकुनाने विचारलं, "गाव कुठलं?" आणि मस्टरवर लिहून टाकलं, 'वीरकर'. बस्स. पुढे चाळीतली खोली त्याच नावाने, रेशनकार्ड त्याच नावाने, आजोबांचं शाळेतलं नावही त्याच नावाने. १९८२ च्या गिरणी संपानंतर आजोबा गावी परत आले ते वीरकर होऊन. आमच्या भावकीतली बाकीची घरं अजून जुन्याच आडनावाने आहेत. म्हणजे एकाच भिंतीच्या अलीकडे एक आडनाव, पलीकडे दुसरं. मला माहीत असलेलं, वीरमध्ये राहणारं वीरकरांचं घर एकच. आमचं.

तुम्ही म्हणाल, वीरमध्येच वीरकर कमी, हे कसं? नीट विचार केला तर हेच बरोबर आहे. गावात सगळेच वीरचे. तिथे 'वीरकर' म्हटल्याने कोण ओळखू येणार? 'कर' लागतो तो गाव सोडल्यावर. याचं एक छान उदाहरण आमच्या शेजारच्या पोलादपुरात आहे. शिवाजी महाराजांच्या काळात 'शिवभारत' हे संस्कृत काव्य लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी तिथे आहे. त्यांचं आडनाव नेवासकर, म्हणजे नेवाशाचे. नेवासे कुठे, पोलादपूर कुठे! फ्रान्समध्येही असंच आहे. पिकार हे आडनाव पिकार्दी प्रांतातून बाहेर पडलेल्या माणसाला मिळालं, लब्रेताँ हे ब्रिटनीतून आलेल्याला आणि लांग्ले म्हणजे चक्क 'इंग्रज'. माणूस निघाला कुठून ते आडनावात राहतं, पोचला कुठे ते पत्त्यात.

आणि एकाच नावाची गावंही अनेक असतात. पुरंदर तालुक्यात म्हस्कोबाचं वीर आहे, नीरा नदीवर वीर धरण आहे. तिथून निघालेला माणूसही वीरकरच होणार. त्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही. त्यामुळे कुणी दुसरा वीरकर किंवा विरकर सापडला की "तुमचे नातेवाईक का?" असं विचारू नका. असतील किंवा नसतील. आडनावावरून ते सांगता येत नाही.

फ्रान्सचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, कारण मला तिचा हेवा वाटतो. तिथल्या सांख्यिकी संस्थेकडे १८९१ पासूनच्या जन्मांवरून कोणतं आडनाव कोणत्या जिल्ह्यात किती मुलांना मिळालं याच्या याद्या आहेत. एखादं दुर्मीळ आडनाव घ्या आणि ते कुठल्या कोपऱ्यातून निघून कुठे पसरलं ते बघत बसा. आपल्या जनगणनेत आडनावांचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. पण आपल्याकडे माणसाच्या तोंडीच जनगणना चालू असते! "अमुक आडनाव ना? मग ते तमुक." ही जनगणना दर दहा वर्षांनी नाही, दररोज मेसच्या रांगेत होते.

आणि ती चुकते. आपल्या भागातलीच आडनावं बघा. उमरठचे तानाजी मालुसरे सर्वांना माहीत आहेत. मालुसरे हे नाव आमच्याकडे पोलादपूर-महाड भागात सहज भेटतं, बाहेर मात्र क्वचित. दुसरा प्रकार हुद्द्याचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले. देशमुखी हे वतन, त्याचं झालं आडनाव. चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाच्या पाठीशी उभे राहिलेले महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस. टिपणीस म्हणजे टिपणं ठेवणारा, तेही हुद्द्यावरून. आणि जाधव, मोरे, पवार, चव्हाण, गायकवाड ही आडनावं तर कितीतरी जातींमध्ये आहेत. तरीही त्यांच्यावरून अंदाज बांधणारे बांधतातच. ज्याच्या आउटपुटवर भरवसा ठेवता येत नाही असा सेन्सर आपण लॅबमध्ये एक दिवससुद्धा वापरणार नाही. माणसांवर मात्र तो पिढ्यान् पिढ्या वापरतोय.

आडनाव आपण जन्मापासून मिरवतो, पण ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी, त्याच्या सोयीसाठी वहीत लिहिलेलं असतं. माझ्या पणजोबांचं गिरणीच्या कारकुनाने लिहिलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे वर्गात डिसोझा आणि फर्नांडिस होत्या. गोव्यात पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा झाला की पोर्तुगीज आडनाव मिळायचं, बऱ्याचदा धर्मपित्याचं किंवा पाद्रीबाबाचं. लिस्बनशी रक्ताचं नातं असायची गरज नव्हती.

आमच्या रायगड जिल्ह्यातली तर सगळ्यात विलक्षण गोष्ट बेने इस्राएली लोकांची. परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची आडनावं काय? पेणकर, रोहेकर, आपटेकर, नागावकर, किहीमकर! त्यांचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल किहीमकरांचं पुस्तक १९३७ मध्ये तेल अवीवमध्ये छापलं गेलं. किहीमच्या नावाचं आडनाव, आणि पुस्तक निघालं भूमध्य समुद्राच्या काठी. ही कुटुंबं आधी मुंबईला गेली, १९४८ नंतर बरीचशी इस्राएलला गेली. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तोपर्यंत इथे राहिलेले फार थोडे होते. पण तिकडे कुणीतरी रोहेकर आहे, ज्याने कदाचित रोहा पाहिलेलंही नाही. आडनावाने तेवढं एक काम चोख केलं, गाव लक्षात ठेवलं.

आता या सगळ्यातलं सर्वात मोठं 'कर'. सावित्रीच्या पलीकडे मंडणगड तालुक्यात आंबडवे गाव आहे. तिथल्या सकपाळ कुटुंबातल्या मुलाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं. सकपाळ हे आडनाव मागे पडलं, गावावरून आंबडवेकर आणि त्याचं आंबेडकर झालं. शाळेतल्या एका शिक्षकांच्या आडनावाची गोष्टही त्याबरोबर सांगितली जाते. तोच मुलगा २७ वर्षांनी महाडला आला आणि चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मला यात एकच गोष्ट सांगायची आहे. त्या गावाचं नाव आज जगभर माहीत आहे ते गावाने त्यांना दिलेल्या वागणुकीमुळे नाही, तर त्या माणसाने आडनावाला जो अर्थ दिला त्यामुळे. आडनाव माणसाला मोठं करत नाही. झालंच तर उलट होतं.

असो. आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्रीसारखं नाहीये.

आम्ही दोघी बहिणी. भाऊ नाही. त्यामुळे घरी कुणी पाहुणे आले की एक वाक्य ठरलेलं, "वीरकरांचं नाव इथेच संपलं म्हणायचं." बाबा हसतात. आजी हसत नाही. म्हणून मी हिशेब करायला बसले, आणि कळलं की हा प्रश्न फार जुना आहे. १८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने तो एका इंग्रजी नियतकालिकात कोडं म्हणून घातला आणि १८७४ मध्ये वॉटसन नावाच्या धर्मगुरूबरोबर त्यावर पेपर लिहिला. आडनावं नाहीशी का होतात? वॉटसनने गणितात घोटाळा केला आणि सगळीच आडनावं कधीतरी संपणार असं म्हटलं. गंमत म्हणजे बरोबर उत्तर बिएनेमे नावाच्या फ्रेंच माणसाने १८४५ मध्येच काढून ठेवलं होतं, कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. उत्तर असं, प्रत्येक पुरुषामागे सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे असतील तर आडनाव टिकण्याची शक्यता राहते. सरासरी एक किंवा कमी असेल, तर आज ना उद्या संपणारच. (अपवाद एकच, प्रत्येकाला न चुकता एकच मुलगा झाला तर. तसं कुठे होत नाही.)

आता 'हम दो हमारे दो' घ्या. प्रत्येक घरात दोन मुलं, मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मुलगा नसण्याची शक्यता पाव. म्हणजे एका माणसापासून सुरू झालेलं आडनाव पहिल्याच पिढीत संपण्याची शक्यता २५ टक्के. दुसऱ्या पिढीपर्यंत ३९, तिसऱ्यापर्यंत ४८, चौथ्यापर्यंत ५५ आणि पाचव्यापर्यंत ६० टक्के. कॅलक्युलेटरवर करून बघा, आधीच्या उत्तरात एक मिळवा, दोनने भागा, वर्ग करा, की पुढची पिढी. म्हणजे दोन मुलींवर थांबलेलं आमचं घर हा काही दुर्दैवी अपघात नाही. दर चार घरांमागे एक घर तसं असणारच.

मला वाटलं, झालं! मुलींनी आपलं आडनाव पुढे दिलं की प्रश्न सुटला. मोठ्या उत्साहाने रूममेटला कागद दाखवला. ती कॉम्प्युटरची. तिने शांतपणे विचारलं, "समज प्रत्येक मुलासाठी नाणं उडवलं, छापा तर आईचं आडनाव, काटा तर बापाचं. मग काय होतं?" केलं. एका माणसाची दोन मुलं, प्रत्येकाला त्याचं आडनाव मिळायची शक्यता निम्मी. कुणालाच न मिळायची शक्यता पाव. परत २५ टक्के! परत ३९, ४८... उत्तर तेच!

मी दोन दिवस नाराज होते. कारण सरळ आहे. प्रत्येक मुलाला शेवटी एकच आडनाव मिळणार, आईचं घेतलं तर बापाचं जाणार. एक आडनाव वाचतं तेव्हा दुसरं जातं. माझ्या घरापुरतं बघाल तर फरक आहे, आजच्या रिवाजाने वीरकर संपणार हे १०० टक्के नक्की, आणि नाण्याच्या पद्धतीत आम्हा दोघींच्या चारही मुलांना दुसरंच आडनाव मिळण्याची शक्यता १६ मध्ये फक्त १. पण समाजात एकूण आडनावं संपण्याचा वेग तोच राहतो.

म्हणून मी माझा युक्तिवाद बदलला. "मुलींना आडनाव पुढे देऊ द्या, म्हणजे आडनावं वाचतील," असं मी म्हणणार नाही, गणित तसं सांगत नाही. मी एवढंच म्हणते, संपायचंच असेल तर ते नाण्याने संपू दे, मुलगी झाली म्हणून संपायला नको. आज जो नियम आपण पाळतो त्यात निकाल सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या आजीच्या मनात आधीच लागलेला असतो. "नाव चालवायला मुलगा हवा" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग निदानावर बंदी घातली, पण या वाक्यावर कशी घालणार? त्या वाक्यातून 'नाव' हा शब्द काढून घेतला तर त्याचा एक पाय तरी मोडेल.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २००५ पासून जन्मलेल्या मुलांना आईचं, वडिलांचं किंवा दोघांचंही आडनाव देता येतं, आणि १ जुलै २०२२ पासून सज्ञान माणसाला दुसऱ्या पालकाचं आडनाव सोप्या पद्धतीने घेता येतं. आपणही काही अगदी मागे नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरला. चांगली गोष्ट. पण बघा हं, आई आत आली ती मधल्या रांगेत. शेवटची खुर्ची तशीच राहिली. आणि लग्नानंतर बाईने आडनाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदाच नाही, हे किती जणींना माहीत आहे? आपण रिवाजालाच कायदा समजून चालतो.

यावर नेहमीचे आक्षेप मला माहीत आहेत. "घरात दोन आडनावं म्हणजे कुटुंब कसं वाटणार?" आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन आडनावं आहेत. गणपती एकच बसतो. "कागदपत्रांचा घोळ होईल." उलट घोळ आज होतो. मार्कशीटवर एक नाव, डिग्रीवर तेच, आणि लग्नानंतर पॅन, आधार, पासपोर्टवर दुसरं. चार वर्षं के.टी. काढत मिळवलेल्या डिग्रीवरचं नाव सिद्ध करायला गॅझेट शोधत फिरायचं! नाव न बदलणं हा सगळ्यात कमी कागदांचा उपाय आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो माझा मलाच आहे. आडनावावरून माणसं ओळखणं वाईट म्हणते, आणि आडनाव टिकावं म्हणूनही धडपडते. हे कसं? मी यावर बराच विचार केला. मला वीरकर हे नाव हवंय ते कूळ म्हणून नाही. त्यात एका गावाचं नाव आहे, मुंबईला गेलेल्या पणजोबांची गोष्ट आहे, संपात परत आलेले आजोबा आहेत. ते नाव कुणाला वर किंवा खाली बसवत नाही. 'कर' फक्त एवढंच सांगतो की माणूस कुठून तरी आलाय. आणि कुठून तरी तर सगळेच येतात. हॉस्टेल म्हणजे दुसरं काय असतं?

पहिल्या वर्षी मी त्या टिंबांचं उत्तर दिलं होतं. त्यानंतर दोन प्रकार झाले. काहीजणींचं माझ्याशी बोलणं एकदम वाढलं, काहीजणींचं हळूहळू कमी झालं. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त घरून आलेला लाडवांचा डबा कुणापुढे आधी सरकतो, ते बदललं. मी तीच होते. कालच्या इतकंच वाईट जर्नल लिहिणारी. वाढलेलं बोलणंही मला नकोसं झालं आणि कमी झालेलंही. दोन्हीचं कारण मी नव्हते.

तेव्हापासून मी ते उत्तर देत नाही. या लेखातही आमचं जुनं आडनाव नाही, हे एव्हाना काहींच्या लक्षात आलं असेल. काहीजण ते शोधायला वर परत जाऊनही आले असतील. रागावत नाही. सवय आहे आपली, एका दिवसात जाणार नाही.

फक्त एक विनंती. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये नवीन मुली-मुलं बॅगा घेऊन येतील तेव्हा दुसरा प्रश्न थोडा बदलून विचारा. "मूळचे कोण?" नको, "गाव कसं आहे?" विचारा. रेक्टर आणि स्टाफलाही विनंती, खोल्या देताना आडनावांच्या याद्या न करता आलेल्या क्रमाने द्या. आणि मुलींनो, कधीतरी कुठल्यातरी फॉर्मवर 'आडनाव' या रकान्यापाशी पेन थांबेल. थांबू द्या थोडा वेळ. तो रकाना तुमचा आहे.

राहता राहिला माझा प्रश्न. वीरकर म्हणजे मूळचे कोण? वीरचे. दिवाळीच्या सुट्टीत कोकण रेल्वेने जाणार असाल तर रोह्यानंतर जागे राहा, आणि उतरा. आजी चहा देईल. आडनाव विचारणार नाही याची हमी मात्र देत नाही. तिच्याशी माझा वाद अजून चालू आहे.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन